विद्यापीठातल्या तासिका की स्वतःची बॅच? मराठवाड्यात परदेशी भाषा शिकवू पाहणाऱ्यांसाठी

जर्मन, जपानी किंवा फ्रेंच बऱ्यापैकी येते, शिकवायची आवड आहे आणि घर मराठवाड्यात आहे, अशा माणसापुढे आज मुख्यतः दोन पर्याय असतात. एक म्हणजे विद्यापीठातल्या किंवा महाविद्यालयातल्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन घेऊन, शिकवायचं. दुसरा म्हणजे स्वतःचा क्लास काढायचा, मग तो छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत असो की घरच्या लॅपटॉपवर. मी जर्मन शिकवते. दोन्ही केलं आहे, आजही जमेल तसं दोन्ही करते. दरवर्षी जून-जुलै आला की कुणी ना कुणी विचारतं, "मॅडम, तासिकांसाठी बोलावलंय, घेऊ का? परवडेल का?" फोनवर तुकड्यातुकड्यानं जे सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

बोलणं फक्त पहिल्या पायरीचं आहे. जर्मन-फ्रेंचची ए-१, फार तर ए-२, आणि जपानीची एन-५. म्हणजे ज्याला त्या भाषेतलं 'नमस्कार'ही येत नाही त्याला शिकवणं. आपल्या भागातली बहुतेक मागणी याच पायरीवर आहे, आणि शिकवायला सगळ्यांत अवघड पायरीही हीच आहे. बी-२ला, म्हणजे बऱ्याच वरच्या पायरीला, शिकवताना विद्यार्थी अर्धं ओझं स्वतः उचलतो. ए-१ला सगळं तुमच्यावर असतं.

माझं मत आधीच सांगते. घरात दुसरा कुणाचा पगार येत असेल तर विद्यापीठातल्या तासिका जरूर घ्या, निदान सुरुवातीची दोन-तीन वर्षं. घर तुमच्याच कमाईवर चालणार असेल तर आधी क्लास उभा करा आणि तासिका त्याच्या जोडीला ठेवा. उलटं करायला गेलात तर ओढाताण होते.

पैशाचं गणित

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असं ठरवलं होतं. हा आकडा वाचून हुरळून जाऊ नका. तो मंजूर पदांवर नेमलेल्या, नियमित सहायक प्राध्यापकाइतकीच पात्रता असलेल्यांसाठी आहे. आपल्याकडे तासिका तत्त्वाचे दर राज्य सरकार ठरवतं आणि ते याहून कमी असतात. शिवाय परदेशी भाषांचे प्रमाणपत्र वर्ग बरेचदा विद्यार्थ्यांच्या फीवर चालतात, त्यामुळे तिथला दर त्या त्या विभागाच्या हिशोबावर ठरतो. ऐकीव दरावर विसंबू नका, नेमणुकीच्या पत्रात पाहा.

आता एक उदाहरण धरू. समजा तासिकेला ६०० रुपये आणि आठवड्याला सहा तासिका. महिन्याच्या चोवीस तासिका झाल्या, म्हणजे १४,४०० रुपये. पण चोवीस तास म्हणजे चोवीसच तास नसतात. पहिल्या पायरीच्या प्रत्येक तासिकेमागे किमान एक तास तयारी लागते, कारण चित्रं, चिठ्ठ्या, ऐकवायचे संवाद हे सगळं आधी जमवावं लागतं. वह्या तपासायला महिन्याचे बारा तास धरा. दोन-दोन तासिकांसाठी बारा फेऱ्या, दर फेरीला जाऊन-येऊन दीड तास, म्हणजे आणखी अठरा. एकूण अठ्ठ्याहत्तर तास. तासाला पडले जेमतेम १८५ रुपये.

स्वतःच्या बॅचचं बघू. समजा बारा जणांची ए-१ची बॅच, ८,००० रुपये फी, चार महिन्यांत ८० तास. जमा ९६,०००. खोलीचं भाडं महिन्याला ७,००० धरलं तर २८,००० गेले. झेरॉक्स, पुस्तकं, वीज, जाहिरात यांचे १०,०००. उरले ५८,०००, म्हणजे महिन्याला १४,५००.

पाहा, दोन्हीकडची रक्कम जवळपास सारखीच आली. फरक आहे तो जोखमीचा. बाराऐवजी सातच जण आले तर त्याच बॅचमधून महिन्याला ४,५०० सुटतात. वीस आले तर ३०,५००. विद्यापीठात वर्गात सात बसोत की चाळीस, तुमचं मानधन तेवढंच राहतं. ज्याला चढउतार सोसतो त्यानं क्लास करावा. मात्र तासिकांमध्येही एक धोका असतो, तो लोक लक्षात घेत नाहीत. किमान प्रवेश झाले नाहीत तर वर्गच सुरू होत नाही, आणि ते तुम्हाला ऑगस्ट उजाडल्यावर कळतं. तोवर तुम्ही दुसरं काही घेतलेलं नसतं.

पैसा हातात कधी येतो हा दुसरा मोठा फरक. क्लासची फी आधी येते, निदान पहिला हप्ता तरी. तासिकांचं बिल काढावं लागतं. हजेरीपत्रक, घेतलेल्या तासिकांचा तक्ता, विभागप्रमुखांची सही, मग लेखा विभाग. एके ठिकाणी माझं पहिल्या सत्राचं बिल दुसरं सत्र संपत आलं तरी निघालं नव्हतं. तिथल्या कुणाच्या मनात खोट नव्हती, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायलाच तेवढे दिवस लागले. म्हणून दर महिन्याचा तक्ता त्याच महिन्यात सही करून घ्यायचा आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. मानधनातून टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. रक्कम लहान आहे म्हणून कित्येक जण ते करत नाहीत. करा.

आणि उन्हाळा. मे महिन्यात तासिका नाहीत, म्हणजे मानधनही नाही. रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. खासगी क्लासचा हंगाम मात्र नेमका तेव्हाच असतो, दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की. या अर्थानं दोन्ही कामं एकमेकांना पूरक आहेत, आणि माझ्यासारखे बरेच जण दोन्ही धरून राहतात ते याचमुळे.

वर्गात समोर कोण बसतं

पैशापेक्षा या प्रश्नानं माझा निर्णय जास्त ठरला.

खासगी क्लासला येणाऱ्याला कशासाठी शिकायचं ते पक्कं ठाऊक असतं. अभियांत्रिकीचा मुलगा मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं म्हणतो. परिचारिका असते, तिला तिकडे नोकरी हवी असते. शेंद्र्याच्या किंवा वाळूजच्या कंपनीतला माणूस असतो. घरच्यांनी फी भरलेली असते, त्यामुळे गृहपाठ होतो, तक्रारही होते. दोन तास बुडाले तर वडिलांचा फोन येतो.

विद्यापीठाच्या वर्गात जी लेकरं बसतात त्यांतली बरीचशी खासगी क्लासची पायरी कधी चढलीच नसती. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे, आणि १९५८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या वसतिगृहांत बीड, जालना, धाराशिवकडून आलेली मुलं-मुली राहतात. नांदेडला १९९४ मध्ये झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या संकुलांमध्येही आसपासच्या तालुक्यांतून येणाऱ्यांचीच गर्दी. अशा आवारात परदेशी भाषेचा वर्ग असला की समाजशास्त्राचा एम.ए. करणारा, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून जरा बदल हवा असलेला, पर्यटनाचा विद्यार्थी, पाली शिकणारा, निवृत्त बँक कर्मचारी, असे सगळे एकाच बाकावर येतात. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं असतं. काहींचं उर्दूतून.

हा वर्ग अवघड का? तर बाजारात मिळणारी पुस्तकं बर्लिनमध्ये किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या शिकाऊंसाठी लिहिलेली असतात. 'रेल्वे स्टेशनवर तिकिटाच्या यंत्राशी बोलणं' असा धडा पहिल्याच महिन्यात येतो. बदनापूरहून एसटीनं येणाऱ्या मुलीला त्यातलं जर्मन अवघड जात नाही, त्या प्रसंगाशी तिचं काही देणंघेणं नसतं. स्पष्टीकरण इंग्रजीत दिलं तर तिला एकाच वेळी दोन परक्या भाषा सोसाव्या लागतात. म्हणून मी व्याकरण मराठीतून सांगते आणि संवाद इथले घेते: बसस्टँडवर चौकशी, मेसमध्ये जेवण मागणं, वसतिगृहात नवीन आलेल्या मैत्रिणीला ओळख करून देणं. खासगी क्लासला एवढी उठाठेव करावी लागत नाही. तिथल्या मुलांना इंग्रजीतून चालतं, आणि त्यांना म्युनिकच्या स्टेशनवर खरंच उतरायचं असतं.

पण मराठीतून शिकवायला लागलं की जे हाताला लागतं त्यानं हुरूप येतो. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. इंग्रजी माध्यमाची मुलं त्याला बिचकतात. मराठी माध्यमाच्या मुलाला 'तो दगड, ती भिंत, ते झाड' जन्मापासून येतं. त्याला फक्त एवढंच सांगावं लागतं की इथे शब्द बदलले की लिंगही बदलेल, ते पाठ करावं लागेल. जर्मनच्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तसं ते आपल्याकडे नेहमीच शेवटी असतं. 'चाक', 'चमचा' यांतला च नीट म्हणणाऱ्याला जर्मन 'त्सेन' आणि जपानी 'त्सु' विनासायास येतात. वर्गात उर्दू माध्यमाच्या मुली असल्या तर त्यांना मी पहिल्या आठवड्यातच पुढे बसवते, कारण जर्मन 'बाख'मधला घशातला ख त्यांच्या तोंडी आधीच असतो, आणि फ्रेंच शिकवणारे सहकारी सांगतात की तिथल्या र साठीही त्यांचा ग़ कामी येतो. एरवी वर्गात गप्प बसणारी मुलगी अशा वेळी बाकीच्यांना उच्चार शिकवू लागते.

जपानीचं तर विचारूच नका. तिथली अक्षरं 'आ, इ, उ, ए, ओ' आणि मग 'का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा' या क्रमानं लावलेली आहेत, आणि ही मांडणी संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे तिकडे रुजली. आपल्या मुलांना शब्दकोश उघडताना अडखळायला होत नाही. नामाला मागून लागणारे 'वा, गा, ओ, नि' हे आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांसारखे कळतात. पाली विभागातला विद्यार्थी जपानी शिकायला आला तर त्याला या इतिहासासकट शिकवावं. अजिंठा इथून दोन-अडीच तासांवर आहे आणि तिथे जपानी पर्यटक येतात, हेही त्याला ठाऊक असतं.

हे सगळं खासगी क्लासमध्येही शिकवता येईल की, असं कुणी म्हणेल. येईल. पण तिथे ८० तासांत परीक्षेला उभं करायचं असतं, आणि जो तास परीक्षेच्या कामाचा नाही त्याचा हिशोब विद्यार्थी मागतो. त्याचं काही चुकत नाही, त्यानं पैसे मोजलेले असतात.

वेळ आणि वेळापत्रक

जर्मनच्या परीक्षा घेणारी ग्योथे इन्स्टिट्यूट ए-१च्या परीक्षेसाठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात असं मानते. अक्षरओळख असलेल्या, इंग्रजी चांगलं असलेल्या मुलाला ८० पुरतात. विद्यापीठातल्या मिश्र वर्गाला त्याच्या दीडपट तरी हव्यात. आणि मिळतात कमी.

कागदावर वर्ग जुलैत सुरू होतो. प्रत्यक्षात प्रवेश ऑगस्टअखेरपर्यंत चालू असतात. सप्टेंबरात नवे चेहरे येतच राहतात आणि तुम्ही तिसऱ्यांदा 'माझं नाव अमुक, मी तमुक गावचा' शिकवत असता. मग गणपती. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला, पुढे कापूस वेचणीला मुलं गावी जातात आणि हजेरी निम्म्यावर येते. घरचं शेत असलेल्या मुलाला त्या पंधरवड्यात कुणी बोल लावू नये. दिवाळी, मग मूळ अभ्यासक्रमाच्या सत्रपरीक्षा. या सगळ्यातून जे उरतं त्यात ए-१ बसवायची असते. मी आता पहिल्या सत्राचं महत्त्वाचं व्याकरण गणपतीनंतर आणि काढणीच्या आधी संपवते, आणि काढणीच्या दिवसांत फक्त संवाद, गाणी, ऐकण्याचा सराव ठेवते. गावाहून परतलेला मुलगा त्यात पुन्हा सहज मिसळतो.

क्लासचं वेळापत्रक तुमच्या हातात असतं. हे सुख मोठं आहे, ते नाकारत नाही.

प्रमाणपत्राचं वजन

विद्यार्थी विचारणारच, म्हणून तुम्हाला स्वच्छ उत्तर देता आलं पाहिजे. विद्यापीठाचं प्रमाणपत्र इथल्या शिक्षणात, अर्जात, मुलाखतीत उपयोगी पडतं. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांकांची (क्रेडिटची) सोय आहे, साधारण १५ तासांना एक श्रेयांक, त्यामुळे काही ठिकाणी भाषेचा वर्ग पदवीच्या गुणपत्रिकेतही मोजला जातो. पण व्हिसा, परदेशी विद्यापीठ, परदेशी नोकरी यांसाठी जर्मनची ग्योथे, फ्रेंचची डेल्फ, जपानीची जेएलपीटी यांसारखी बाहेरची परीक्षा लागते. त्यासाठी मुलांना सहसा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते.

या परीक्षांचे साचे वेगळे आहेत आणि शिकवणं त्यावरून बदलतं. ग्योथेच्या ए-१ला १००पैकी ६० गुण लागतात आणि बोलण्याची परीक्षाही असते. डेल्फला १००पैकी ५०, पण चारही भागांत २५पैकी किमान ५ हवेतच. जेएलपीटीच्या एन-५ला १८०पैकी ८०, शिवाय प्रत्येक भागाची किमान मर्यादा असते. बोलण्याची परीक्षा मात्र नाहीच. म्हणजे एन-५ उत्तीर्ण झालेला मुलगा तोंड उघडू शकेल याची खात्री नाही, ते बघणं शिक्षकाचं काम. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत भाषांतर आणि व्याकरणाला वजन जास्त असतं. दोन्हींची तयारी एकाच वर्गात करून घेणं शक्य आहे, पण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तुमच्या हातात असले तर ते तोंडी परीक्षेला द्या. मुलं बोलायला लागतात ती तिथेच.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, सुरुवातीला १०,००० जणांचं उद्दिष्ट जाहीर झालं, आणि गावोगावी जर्मनची चौकशी वाढली. जपानचा 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसा २०१९ पासून आहे. संधी खऱ्या आहेत. पण जपानच्या त्या व्हिसाला सर्वसाधारणपणे एन-४ (एन-५च्या वरची पायरी) किंवा तेवढ्या पातळीची जेएफटी-बेसिक परीक्षा लागते, आणि जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळायची तर बी-२पर्यंत जावं लागतं. ए-१ त्यापासून फार लांब आहे. तीन महिन्यांत परदेश, अशी पत्रकं वाटणारे दलाल तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत, आणि जमीन गहाण ठेवून पैसे भरणारी घरं आहेत. विद्यापीठात शिकवणाऱ्याचा शब्द या घरांत खरा मानला जातो. तुम्ही वर्गात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर सगळ्या पायऱ्या लिहून दाखवल्यात, कुठल्या कामाला कुठली पायरी लागते ते सांगितलंत, तर एखाद्या घराचं शेत वाचेल. तासिकेच्या दरात हे काम कुणी मोजत नाही. मला मात्र ते तिथलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

तुमची स्वतःची वाढ

नियमित सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत) आणि नेट, सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांपैकी एक किंवा नियमानुसार पीएच.डी. लागते. जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन, चिनी, स्पॅनिश हे नेटचे विषय आहेत. पण मराठवाड्यात परदेशी भाषांची कायम पदं इतकी थोडी आहेत की त्या आशेवर वर्षानुवर्षं तासिका करत राहणं मी कुणाला सांगणार नाही. पुण्याला जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

मग तासिकांतून काय मिळतं? शिकवण्याचा कस लागतो. चाळीस जणांचा वर्ग, निम्म्यांना इंग्रजीचं भय, फळा एक आणि स्पीकर कधी चालतो कधी नाही, अशा वर्गात जो ए-१ शिकवू शकतो त्याला नंतर कुठलीच बॅच जड जात नाही. ग्रंथालय मिळतं. इतर भाषांचे शिक्षक भेटतात, त्यांच्या वर्गात मागे बसून बघता येतं. हे एकट्यानं क्लास चालवणाऱ्याला मिळत नाही, आणि दोन-तीन वर्षांत त्याचं शिकवणं एकाच चाकोरीत फिरायला लागतं. शिवाय विद्यापीठात शिकवता हे कळल्यावर क्लासला प्रवेश वाढतात, हा अगदी रोखीतला फायदा आहे.

अनुभवाचं प्रमाणपत्र दर सत्राला घ्या. त्यावर विषय, पातळी, तारखा आणि घेतलेल्या तासिकांची संख्या असावी. नुसतं 'समाधानकारक काम केले' असं लिहिलेल्या कागदाचा पुढे उपयोग होत नाही.

कुठली भाषा, कुठलं गाव

हा भाग थोडक्यात. जर्मनला शिक्षणाची आणि परिचारिकांची मागणी आहे, आणि शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना २००१ पासून असल्यानं स्कोडा ज्यात आहे त्या जर्मन फोक्सवॅगन समूहाची नावंही इथे ओळखीची आहेत. बिडकीनच्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्करनं २०२४ मध्ये सुमारे २०,००० कोटी रुपयांचा करार जाहीर केल्यापासून जपानीची चौकशी वाढली आहे. ऑरिक या इथल्या औद्योगिक शहरात ह्योसंग ही कोरियन कंपनी आहे, त्यामुळे कोरियन शिकवणारा इथे मिळाला तर त्याला काम मिळेल. तरी कारखान्याच्या बातमीवर क्लास काढू नका. कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, आणि तिथल्या बहुसंख्य कामगारांना परदेशी भाषा लागत नाही. फ्रेंचला इथे नोकरीपेक्षा शाळांकडून मागणी जास्त.

संभाजीनगर सोडलं तर गणित बदलतं. लातूरला क्लास म्हणजे नीट-जेईई. त्या वेळापत्रकात परदेशी भाषेला जागा सापडत नाही, सापडली तर रविवारी सकाळी. नांदेडला परिचारिका महाविद्यालयांमुळे जर्मनची बॅच भरू शकते. परभणी, हिंगोली, धाराशिवमध्ये खोली भाड्यानं घेऊन पहिल्या पायरीची बॅच काढणं मला धोक्याचं वाटतं. तिथे ऑनलाइन करा: पाच जिल्ह्यांतले दहा जण एका पडद्यावर येतात, भाडं वाचतं. उच्चार मात्र ऑनलाइन कच्चे राहतात, म्हणून महिन्यातून एखादा रविवार सगळ्यांना एका ठिकाणी बोलवा. आणि जवळच्या महाविद्यालयात आठवड्याला दोन-तीन तासिका मिळत असतील तर लहान गावात त्या नक्की घ्या. तिथे त्यातूनच लोक तुम्हाला ओळखू लागतात.

हो म्हणण्याआधी

विभागप्रमुखांना भेटायला जाल तेव्हा संकोच करू नका. तासिका साठ मिनिटांची की अठ्ठेचाळीसची? दर किती, आणि पेपर काढणं, तपासणं, तोंडी परीक्षा यांचं मानधन वेगळं आहे का? किमान किती प्रवेश झाले तर वर्ग सुरू होणार, आणि तो निर्णय कुठल्या तारखेला? बिल दरमहा की सत्राअखेर? बाहेर स्वतःचा क्लास घ्यायला हरकत आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. आणि हरकत नसली तरी विद्यापीठाच्या वर्गातल्या विद्यार्थ्याकडून स्वतःच्या क्लासची फी कधीच घेऊ नका. ए-२ला जायचं म्हणत असेल तर त्याला दुसऱ्याचं नाव सुचवा, किंवा वर्षभर थांबायला सांगा.

वर्गाची वेळही तेव्हाच मागून घ्या. सोयीची म्हणून संध्याकाळी साडेपाचची देतात. त्या वेळेला पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडून येणाऱ्या मुलींचं लक्ष घड्याळाकडे आणि एसटीकडे असतं, आणि दुसऱ्या महिन्यापासून त्या येईनाशा होतात. सकाळी साडेआठ किंवा दुपारची मधली सुट्टी मागा. त्या दिवशी एसटीनं यायचंच असतं, मूळ तासिकाही त्याच आवारात असतात, आणि पहिल्या सत्रातल्या मुली दुसऱ्या सत्रातही दिसतात.